आधी सतरंजीची घडी, मग वाटणी

एका बालवाडीतल्या ताईंनी विचारलं आहे: वर्गात २६ मुलं, वयं साडेतीन ते पाच. ठोकळ्यांची पेटी उघडली की पाच मिनिटांत ओढाओढी आणि रडारड सुरू. महिन्याकाठी एखादं चावणं. पालक म्हणतात, 'शेअरिंग शिकवा.' म्हणून त्यांनी भिंतीवर स्टारचा तक्ता लावला. जो खेळणं दुसऱ्याला देईल त्याला एक स्टार. आठवडाभर छान चाललं. मग मुलं ताईंकडे बघत बघत खेळणं द्यायला लागली, आणि ताईंची पाठ वळली की काढून घ्यायला लागली. आता काय करू?

मी एकतीस वर्षं बालवाडीत काढली. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही हेच करत होते, फक्त माझ्या तक्त्यावर स्टारऐवजी कागदी फुलं होती. त्यामुळे तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. थोडक्यात सांगायचं तर तक्ता काढून टाका आणि 'वाटून घ्या, वाटून घ्या' हे सांगणं काही आठवडे पूर्ण बंद करा. त्याऐवजी मुलांना अशी कामं द्या, जी एकट्याने होतच नाहीत. एकत्र काम केलेली मुलं वाटणीला आपोआप तयार होतात. वाटणी शिकवून मात्र एकत्र काम येत नाही. आता हे जरा सविस्तर सांगते.

आपण 'शेअरिंग' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. गूळ-शेंगदाणे वाटून घेतात. झोपाळ्यावर पाळी लावतात. गुळाचा खडा वाटला तर माझ्या हातात निम्मा तरी उरतो. तीनचाकी सायकल दिली तर ती आख्खी जाते, माझ्या हातात काही राहत नाही, आणि ती परत कधी येणार हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कळायला मार्ग नसतो. 'दहा मिनिटांनी तुला मिळेल' हे वाक्य त्याच्या दृष्टीने 'तुला मिळणार नाही' इतकंच असतं. म्हणजे आपण त्याला वाटून घे म्हणतो तेव्हा त्याला ऐकू येतं, सोडून दे. मग ते घट्ट धरून बसलं तर त्यात स्वार्थ कसला?

दुसरं, वयाचं गणित. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने दोन ते पाच वर्षांची मुलं मोकळी खेळताना पाहून १९३२ साली जे मांडलं, ते आजही कुठल्याही बालवाडीत उभं राहून पाहता येतं. लहान मूल आधी एकटं खेळतं, किंवा नुसतं उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघतं. मग ते दुसऱ्याशेजारी बसून तसाच खेळ आपापला खेळतं. मग एकमेकांना वस्तू देणं-घेणं, गप्पा. आणि सगळ्यात शेवटी 'तू डॉक्टर, मी पेशंट, ती नर्स' असा ठरवून, कामं वाटून घेऊन केलेला खेळ. मूल एक पायरी संपवून दुसरीवर जातं असं नाही, पाच वर्षांचंही अधूनमधून एकटं खेळतं आणि त्याने खेळावं. पण तुमच्या वर्गातली साडेतीन वर्षांची मुलं शेजारी-शेजारी बसून आपापला मनोरा रचत असतील, तर ती सहकार्यात मागे पडलेली नाहीत. ती नेमकी जिथे असायला हवीत तिथेच आहेत. त्यांना उठवून 'दोघं मिळून एक मनोरा करा' म्हणणं म्हणजे चालायला लागलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे.

म्हणून लहान गटासाठी मी एकसारख्या वस्तू ठेवते. चार बाहुल्या असतील तर चारही एकाच रंगाच्या फ्रॉकमधल्या. सहा वेगवेगळे डंपर आणण्यापेक्षा एकाच जातीचे तीन आणावेत. लहान मुलाला शेजारच्याच्या हातातलंच हवं असतं, आणि तसंच दुसरं समोर असेल तर निम्मी भांडणं होण्याआधीच मिटतात. मोठ्या गटाला उलट करावं, वस्तू मुद्दाम कमी ठेवाव्यात. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायच्या लहान-मोठ्या ठोकळ्यांचा संच, दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं, त्याचं झालं आणि त्याने तो जागेवर ठेवला की घ्यायचा. थांबणं हासुद्धा अभ्यासाचाच भाग. मात्र हे साडेचारच्या मुलाला जमतं, साडेतीनच्याला रोज रोज जमत नाही. तुमच्याकडे दोन्ही वयं एकाच खोलीत आहेत, तेव्हा दोन कोपरे करा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक साधा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. दोन मुलं, समोर एक फळी, तिला बांधलेली दोरी. दोघांनी दोन टोकं एकदम ओढली तरच फळी जवळ येते, एकट्याने ओढून येत नाही. फळीवर गोट्या. पण त्या अशा घरंगळतात की एकाच्या वाट्याला तीन येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक. मग काय झालं? ज्याला तीन मिळाल्या त्याने बहुतेक वेळा आपली एक दुसऱ्याला दिली. दोन आणि दोन. कोणी सांगितलं नव्हतं. मुलं खोलीत शिरताना गोट्या आधीच तीन आणि एक अशा ठेवलेल्या असल्या, म्हणजे ओढायचं कामच नसलं, तर असं देणं फार कमी झालं. शेजारी-शेजारी उभं राहून प्रत्येकाने आपापली वेगळी दोरी ओढली तेव्हाही कमीच. एकत्र ओढलेल्या दोरीने हा फरक पाडला होता.

हे मी वाचलं तेव्हा मला आमची सतरंजी आठवली.

आमच्या बालवाडीत मोठी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी होती, गोष्टीच्या वेळी अंथरायची आणि नंतर आवरायची. वर्षानुवर्षं आमच्या मावशी ती दोन मिनिटांत झटकून घडी घालून ठेवत. एका वर्षी त्यांचा हात दुखावला आणि मी मुलांना म्हटलं, चला, आज तुम्ही घडी घाला. चार मुलं, चार टोकं. पहिल्या दिवशी चौघांनी चार दिशांना ओढलं, एक जण सतरंजीवरच बसला, आणि शेवटी गाठोडं करून कोपऱ्यात टाकलं. मी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवी चौघं. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मुलगी समोरच्याला म्हणाली, 'तू थांब, मी तुझ्याकडे येते.' सगळी गोम याच वाक्यात आहे. घडी घालायची तर दोघांनी एकदम चालून चालत नाही. एकाने ताण धरून उभं राहायचं, दुसऱ्याने टोक घेऊन त्याच्याकडे जायचं, टोकाला टोक लावायचं, मग खालची नवी कडा उचलायची. समोरचा काय करतोय याकडे लक्ष ठेवल्याशिवाय सतरंजी सरळ होतच नाही, आणि वाकडी झाली तर ती स्वतःच दाखवते. ताईंनी चूक काढायची गरज पडत नाही. तीन आठवड्यांनी मोठ्या गटातली कुठलीही चार मुलं ती घडी नीट घालत होती आणि लहान गटाला 'धर, ताण, ये' असं सांगत होती. अर्धं म्हणजे काय, अर्ध्याचं अर्धं म्हणजे काय, हे मी त्या वर्षी फळ्यावर शिकवलं नाही.

त्यात मला सगळ्यात अवघड गेलं ते हात मागे ठेवणं. मावशींचा हात बरा झाल्यावर त्यांना 'आता तुम्ही नका घालू' हे समजावणंही अवघड गेलं, कारण त्यांना वाटलं मी त्यांचं काम मुलांवर ढकलतेय. त्यांना शेजारी बसवून एकदा पूर्ण घडी बघायला लावली. त्यानंतर मुलांच्या मध्ये कोणी पडलं तर त्याच त्याला अडवायला लागल्या.

अशी कामं आपल्या घरांत चिकार आहेत, त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. ओली चादर पिळणं: दोघांनी दोन टोकं धरून उलट-सुलट पीळ द्यायचा, एकाच दिशेने पिळलं तर पाणी निघत नाही. हे कळायला मुलांना दोन-तीन दिवस लागतात, आणि कळतं तेव्हाचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. अर्धी भरलेली बादली काठीला अडकवून दोघांनी झाडांपर्यंत नेणं: पावलं जुळली नाहीत तर पाणी अंगावर. लांब बाकडं उचलून हलवणं. सुतळीचा गुंता सोडवून गुंडाळणं, एकाने दोन हात पुढे धरायचे, दुसऱ्याने गुंडाळायचं. हिवाळ्यात एका परातीभोवती चौघांनी बसून मटार सोलणं. यातलं मटार सोलणं एकट्यालाही जमतं, हे खरं, पण परात एकच असते आणि दाणे एकाच ढिगात पडतात, तेव्हा 'माझे किती, तुझे किती' हा प्रश्न मागे पडतो. एकदा सोलून झाल्यावर मी प्रत्येकाला चार-चार दाणे खायला घ्या म्हटलं. पाच वर्षांच्या एकाने पंचाईत केली, 'ती बाहेर गेलीय, तिचे चार कुठे ठेवायचे?' ती मुलगी आणि तो त्याच आठवड्यात लाल ठोकळ्यावरून एकमेकांचे केस ओढून झाले होते.

जोडी लावताना काही गोष्टी पाहा. दोघांपासून सुरुवात करा आणि तिघांवर थांबू नका. तिघांत हमखास दोघं एक होतात आणि तिसरं बाहेर पडतं, त्यामुळे दोनवरून थेट चारवर जावं. 'हुशार' मुलाबरोबर 'मागे पडणारं' मूल बसवू नका, त्यात हुशार मूल सगळं करून टाकतं आणि दुसरं बघत राहतं. थोडासाच फरक असलेली दोघं निवडा. रशियातले मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी हेच म्हटलं आहे, की मुलाला एकट्याने जमत नाही पण जरा पुढे असलेल्याच्या सोबतीने जमतं, तिथे शिकणं सर्वांत जोमाने होतं. त्यात 'जरा' फार महत्त्वाचं. आणि आठवडाभर एकच जोडी ठेवा. रोज नवी जोडी लावली तर मुलं रोज ओळखीपासूनच सुरुवात करत बसतात.

सामूहिक चित्र नावाचा प्रकार मात्र जपून. मोठा कागद, वीस मुलं, ताई सांगणार तिथे ठसा उमटवायचा, आणि शेवटी स्नेहसंमेलनात तो लावायचा. त्यात कोणी कोणाकडे पाहिलेलं नसतं, सगळ्यांनी ताईंकडे पाहिलेलं असतं. ते सुंदर दिसतं, पण सहकार्य तिथे घडत नाही. दोघांना एक कागद आणि मिळून तीन खडू द्या, बास.

आता पाळीबद्दल. झोपाळा, घसरगुंडी, सायकल यांना वाट पाहावीच लागते. ती वाट दिसेल आणि ऐकू येईल अशी करा. आमच्याकडे नियम होता: वीस झोके, आणि मोजायचे वाट बघणाऱ्याने. यात दोन्हींकडून फायदा होतो. थांबलेल्याला काम मिळतं, त्यामुळे तो खेचाखेची करत नाही. आणि मोजणी अगदी काटेकोर होते, कारण थांबलेला घाईत 'अकरा, बारा, पंधरा' करतो आणि झोपाळ्यावरची लगेच ओरडते, 'तेरा-चौदा राहिले!' वीस आकडे इतके पक्के करणारा दुसरा धडा मला सापडला नाही. वीसवरच थांबायचं, कारण मराठीत एकवीस-बावीसला एक आणि दोन आधी बोलायचे असतात, तिथे लहान मुलं अडखळतात आणि पुन्हा भांडण. आतल्या खेळण्यांसाठी वाळूचं घड्याळ किंवा एखादं ठरलेलं बडबडगीत चालतं. गाणं संपलं की पाळी बदलते, हे घड्याळ न कळणाऱ्यालाही कळतं.

एक अपवाद ठेवा. मूल एखाद्या गोष्टीत खरोखर बुडालेलं असेल, मनोरा रचतंय, मणी ओवतंय, तर त्याला मध्येच तोडून पाळी बदलायला लावू नका. तिथे नियम 'माझं झालं की देतो' हा. मोठ्यांच्या हातातलं काम आपण असं काढून घेत नाही.

आणि तरीही भांडणं होणार. दोघांनी एक डंपर धरला आहे आणि दोघंही ओरडतायत, तेव्हा मी काय करते ते सांगते. आधी जवळ जाऊन खाली बसते, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि डंपरवर माझा हात ठेवते. काढून घेत नाही, नुसता ठेवते. मग दिसतंय ते सांगते: 'डंपर एक आहे. तुला हवाय. तुलाही हवाय.' 'आधी कोणी घेतला?' हा प्रश्न मी विचारत नाही, त्याचं खरं उत्तर मिळत नाही आणि आपण न्यायाधीश होऊन बसतो. मग विचारते, 'आता काय करायचं?' आणि गप्प बसते. हे गप्प बसणं फार जड जातं. मी मनात वीसपर्यंत मोजते. बहुतेकदा बारा-तेरापर्यंत कोणीतरी काहीतरी सुचवतं, कधी भांडणाऱ्यांपैकी, कधी बघ्यांपैकी. सुचवलेलं आपल्याला विचित्र वाटलं तरी दोघांना पटलं तर होऊ द्यावं. एकदा ठरलं होतं की एकाने डंपर चालवायचा आणि दुसऱ्याने तोंडाने आवाज काढायचा. मी ते मुळीच सुचवलं नसतं. अर्धा तास चाललं ते.

'सॉरी म्हण' हे मी बंद केलं. चार वर्षांचं मूल सॉरी म्हणतं ते सुटका व्हावी म्हणून. चार वर्षांच्या आसपासच मुलांना हे नीट कळायला लागतं की समोरच्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं. त्याआधी पश्चात्तापाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी काहीतरी करायला द्यावं: लागलंय त्याला ओला रुमाल आणून दे, पाडलेला मनोरा रचायला मदत कर, त्याला हवी असेल तर. हवी आहे का, हे आधी विचारायला लावावं.

चावणं बहुतेकदा शब्द नसल्यामुळे होतं. आधी चावा लागलेल्याकडे जा, जखम धुवा, त्याला जवळ घ्या. मग चावणाऱ्याला थोडक्यात, ठामपणे सांगा, 'चावायचं नाही, दुखतं.' 'तूही त्याला चावून दाखव म्हणजे कळेल,' असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि मग मुलाला शब्द द्या. आमच्या वर्गात तीन वाक्यं आम्ही बाहुल्यांच्या खेळातून रोज घोकायचो: 'मला पण हवंय.' 'माझं झालं की देते.' 'थांब, मला नको.' तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या वर्गात घरी कन्नड, हिंदी, अहिराणी, वारली, पावरी बोलणारं मूल असेल तर ही तीन वाक्यं त्याच्या भाषेत तुम्ही शिका. पालकांना विचारून वहीत लिहून घ्या. ज्याला आपण 'मारकुटं' म्हणतो, त्याला अनेकदा वर्गाची भाषा आलेली नसते, एवढंच असतं.

एक चूक सांगते, कारण ती तुमच्याही वर्गात होत असणार. आमच्याकडे एक मुलगी होती, सव्वाचार वर्षांची. कोणी काही मागितलं की लगेच द्यायची. मी रोज सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायची, 'बघा, किती शहाणी!' दिवाळीनंतर तिची आई भेटायला आली. म्हणाली, घरी ही सगळी खेळणी गादीखाली लपवते आणि धाकट्या भावाला हात लावू देत नाही, रात्री उठून मोजते. मी दुसऱ्या दिवसापासून नुसतं पाहिलं. सकाळपासून तिच्या हातून सात वस्तू गेल्या आणि एकही परत आली नाही. ती वाटून घ्यायला शिकली नव्हती. मागितलं की द्यायचं आणि त्यावर ताई हसतात, एवढंच ती शिकली होती. तिला 'माझं झालं की देते' म्हणायला लावायला मला दोन महिने लागले. ज्या दिवशी तिने बाहुली छातीशी धरून मोठ्यांदा 'नाही' म्हटलं, त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, 'तू मोठी ना, तू दे,' हे त्या घरातूनच ऐकून आलेल्या असतात. तेव्हा तुमच्या वर्गात कधीच न भांडणारी मुलं असतील तर त्यांच्याकडे आधी लक्ष द्या.

स्टारच्या तक्त्याचं झालं ते याच जातीचं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवर्गात केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल, आणि दिलंही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत रंगीत पेन ठेवले, तर हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. आवडीचं काम बक्षिसाचं काम होऊन बसलं होतं. मदत करण्याबाबतही असंच दिसलं आहे, तेही वीस महिन्यांच्या तान्ह्यांमध्ये: मदतीबद्दल खेळणं मिळालेल्या मुलांची पुढची मदत कमी झाली. नुसतं तोंडाने आभार मानलेल्यांची झाली नाही. तेव्हा तक्ता काढाच, पण गाजावाजा न करता, सुट्टीच्या दिवशी. आणि कौतुक करायचं तर काय घडलं ते सांगा: 'तू बाक उचललंस म्हणून याला झाडू मारता आला.' शहाणा, गुड बॉय, हे नको.

तुम्ही म्हणाल, हे सगळं करायला वेळ कुठे आहे. अंगणवाडीत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या सेविका हेच म्हणतात: एक सेविका, एक मदतनीस, वजनं, नोंदी, लसीकरणाचा दिवस, आहार. त्यांना मी म्हणते, वेगळा तास नकोच. आहाराचा वेळ आहे ना? चार मुलांना वाढपी करा. एकाने ताटं मांडायची, जितकी मुलं तितकी. एकाने पाण्याची फुलपात्रं. एकाला चमचे. ताट कमी पडलं की 'कोणाचं राहिलं?' हे मुलांनी शोधायचं. एकास एक जुळवणं, मोजणं, कमी-जास्त, आणि दुसऱ्याच्या भुकेकडे पाहणं, हे सगळं खिचडी निवेपर्यंत होतं.

हे आपल्याकडे नवं नाही. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे महागडी साधनं नव्हती. बिया, शंख-शिंपले, पानं, दगड हेच साहित्य होतं. मुलांनी अंग धुणं, केस विंचरणं, अंगण झाडणं हाच शिकण्याचा भाग होता. नवीन आलेल्या ताईंना मी हे आवर्जून सांगते, कारण प्लास्टिकच्या ठोकळ्यांची पेटी नसली की आपलं काही अडलंय असं त्यांना वाटतं.

पालकांसाठी एकच गोष्ट करा. घरी जाताना ते मुलाला विचारतात, 'आज काय शिकलास?' त्यांना 'आज कोणाबरोबर काय काम केलंस?' असं विचारायला सांगा. पहिला आठवडा उत्तर येणार नाही. नंतर येतं. शेअरिंगची तक्रार करणाऱ्या आईला एकदा दारात उभी करून चादर पिळणं दाखवा, समजावण्यापेक्षा ते बरं.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखायची. साडेचारच्या पुढचं मूल इतर मुलांकडे बघतच नसेल, हाक मारली तर वळत नसेल, खोटं-खोटं जेवण, खोटा फोन असा खेळ कधीच खेळत नसेल, किंवा पूर्वी बोलायचं आणि आता बंद झालं असेल, तर त्याला सतरंजीच्या घडीने फरक पडणार नाही. आधी कान तपासायला सांगा, मग बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्या दिवशी अशा मुलाचं नाव स्वतःहून पुढे करा. पालकांशी बोलताना रोगाचं नाव घेऊ नका, काय दिसलं तेवढंच सांगा.

बाकीच्या पंचवीसांसाठी सोमवारपासून सुरुवात करा. दोन जुन्या चादरी, एक टब, अर्धी बादली पाणी, आणि मोठ्या गटातल्या दोन जोड्या. ठोकळ्यांची पेटी त्या आठवड्यात लहान गटाच्या कोपऱ्यातच राहू द्या. फरशीवर पाणी सांडेलच. दोन फडकी आधीच काढून ठेवा आणि ती पुसायलाही जोडीनेच सांगा. तीन आठवड्यांनी मला कळवा, पहिल्यांदा 'तू थांब, मी येते' कोण म्हणालं ते.